आपलेच विरुद्ध आपले

ऑगस्ट संपत येईपर्यंत आमच्या दक्षिण मिशिगनमध्ये कॉलेज फुटबॉलची एकही मॅच होत नाही, आणि तरी माणसं दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत. ऑफिसात कॉफी भरून घेताना, न्हाव्याच्या खुर्चीत, मंदिराच्या पार्किंगमध्ये एकच चौकशी: कॅम्प कसा चाललाय? कॅम्प म्हणजे मोसम सुरू व्हायच्या आधीचा सराव. ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठाच्या बंद दरवाजाआड शंभरेक पोरं चार आठवडे घाम गाळत असतात. आत काय चाललंय ते बाहेरच्या कुणालाच धड दिसत नाही, त्यामुळे बातमी प्रत्येकाकडे असते.

बातम्यांचा नमुना ठरलेला. ‘आज आपल्या अमक्या रिसीव्हरने लांबचे दोन बॉल असे काही घेतले, की कॉर्नरबॅक नुसता बघत राहिला.’ रिसीव्हर म्हणजे पळत जाऊन फेकलेला बॉल झेलणारा, आणि कॉर्नरबॅक म्हणजे त्याला तो झेलू न देणारा. ऐकणारा खूश होतो. पण तो कॉर्नरबॅक कुणाचा? तोही आपलाच. मग आपली चढाई तगडी आहे, की आपला बचाव गळका आहे? दुसऱ्या दिवशी बातमी उलटी: ‘आज आपल्या बचावाने क्वार्टरबॅकला उभं राहू दिलं नाही.’ क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, चढाईचा म्होरक्या. अर्धी मंडळी लगेच बचावाची आरती ओवाळायला घेतात. उरलेली अर्धी ‘यंदा क्वार्टरबॅकचं काही खरं नाही’ म्हणून कपाळाला हात लावतात. दोघांनी ऐकलेली बातमी एकच. जो तो आपल्याला हवी ती बाजू उचलतो, आणि कोण कुठली बाजू उचलतो यावरून मला तरी त्या पोरांपेक्षा त्या माणसाबद्दल जास्त कळतं.

मी या खेळाकडे उशिरा आलो. कोल्हापूरचा माणूस. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, शाहू स्टेडियमवर बघायचा आणि पेठेसाठी भांडायचा. पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात नोकरी केली आणि त्याच धाग्याने डेट्रॉइटच्या पश्चिमेला कँटनला येऊन पडलो. इकडे त्याच मार्गाने आलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत. सुरुवातीला या हातात धरून पळायच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या बॉलच्या खेळाला मी नाकं मुरडत होतो. दर पाच-सात सेकंदांनी थांबतो, मग सगळे गोल करून कुजबुजतात, हा कसला फुटबॉल! पण शेजारी गाड्यांच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या घरात मिशिगनच्या मॅचची तिकिटं वडिलांपासून चालत आलेली. एकदा बायकोच्या गुडघ्याचं निमित्त झालं आणि त्यांनी तिचं तिकीट मला दिलं.

ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. तिथलं स्टेडियम १९२७चं, अधिकृत आसनसंख्या १,०७,६०१. म्हणजे शनिवारी जवळपास दुसरं एक गाव त्या खड्ड्यात येऊन बसतं. हो, खड्ड्यातच; स्टेडियमचा बराचसा भाग जमिनीखाली खणलेला आहे, बाहेरून त्याचा आवाका कळत नाही. नोव्हेंबर १९७५ पासून घरच्या मॅचला लाखाच्या खाली गर्दी उतरलेली नाही, कोव्हिडचं वर्ष सोडलं तर. आणि खेळणारी कोण? कॉलेजची पोरं, अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. आपल्याकडे विद्यापीठाच्या कबड्डी स्पर्धेला प्राचार्य आणि शिपाई हजर असले तरी आयोजक धन्य होतात. इथे लाख लोक पैसे मोजून येतात आणि हरल्यावर घरी जाऊन जेवत नाहीत.

त्या दिवशीची मॅच मला फारशी कळली नाही. गर्दी मात्र कळली. ती अगदी ओळखीची होती.

कोल्हापुरात सराव बंद दाराआड होत नाही. पाऊस उलगडला की गांधी मैदानावर पोरं उतरतात, आणि कडेला बघणारे असतातच. कुणी दूध घालून परत निघालेला, कुणी पेन्शनर, कुणी स्वतः पूर्वी खेळलेला आणि आता पोट सुटलेला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशी नावं तिथे आडनावांसारखी चालतात. एका संघाचं नाव तर प्रॅक्टिस क्लब आहे. माझे एक मामा या कडेच्या बघ्यांतले. त्यांनी उभ्या आयुष्यात बॉलला पाय लावला असेल-नसेल, पण पोराची चाल बघून ते त्याच्या मोसमाचं भविष्य सांगत. एकदा एका पोराने सरावात तिघांना चकवून गोल केला. आम्ही शाळकरी पोरं नाचायला लागलो. मामा म्हणाले, “नाचताय कशाला? आपल्याच तिघास्नी चकवलं त्येनं. ह्येच तिघं परवा पेठेतल्या मॅचला मागं उभी ऱ्हाणार हैत. तवा काय करशीला?”

अमेरिकन लोक यावर हजारो शब्द लिहितात आणि तासन्‌तास बोलतात. मामांच्या चार वाक्यांपुढे त्यात भर फारशी पडलेली मला दिसलेली नाही.

फरक एक आहे, आणि तो मोठा आहे. गांधी मैदानावर मामा जे बोलायचे ते त्या पोराला ऐकू जायचं. पोरगंही उलट काहीतरी बोलायचं, कधी शिवी द्यायचं, दुसऱ्या दिवशी मामांच्याच घरी चहा प्यायचं. बोलणारा आणि खेळणारा एकाच गल्लीतले, त्यामुळे बोलण्याला आपोआप लगाम होता. ॲन आर्बरच्या बंद मैदानावरची गोष्ट कुणीतरी कुणाच्या कानात सांगतो. तो ती तिसऱ्याला सांगतो, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर त्या पोराची उंचीसुद्धा दोन इंचांनी वाढलेली असते. बोलणाऱ्याला त्याच्या तोंडाकडे कधी बघावं लागत नाही.

तिकडच्या ऑगस्टच्या बातम्या नीट ऐकल्या तर स्थळाच्या बायोडाट्याची आठवण होते. मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ, उन्नतीस वाव. अमक्याने उन्हाळ्यात पंधरा पौंड वजन वाढवलंय, पण ‘चांगलं’ वजन. तमक्याने दहा पौंड उतरवलंय, तेही चांगलंच. गेल्या वर्षी घोट्याने दगा दिला होता तो आता ‘पूर्वीपेक्षा वेगवान’ झालाय. पहिल्या वर्षाचं पोरगं ‘वयाच्या मानाने फार समजूतदार’ आहे. ऑगस्टमध्ये कुठल्याही कोचने ‘आमचा हा खेळाडू आळशी झालाय’ असं जाहीर सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. सव्वाशेच्या वर कॉलेजं पहिल्या श्रेणीत खेळतात. त्या सगळ्यांची सगळी पोरं एकाच उन्हाळ्यात सुधारतात. मग डिसेंबरपर्यंत निम्मी कॉलेजं हरतात कशी, हे कोडं दर वर्षी नव्याने पडतं.

आत प्रत्यक्षात काय चालतं त्याची रीत ठरलेली आहे. पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट घालून पळायचं, शरीराला उन्हाची सवय व्हावी म्हणून. मग खांद्यांचे पॅड चढतात, मग सगळा जामानिमा. पूर्वी दिवसातून दोनदा अंगाला अंग भिडवून सराव व्हायचा. २०१७ मध्ये राष्ट्रीय संघटनेने तो बंद केला. २०२१ मध्ये आणखी आवळलं. पूर्ण पॅड घालून करायचे सराव नऊवर आले, आणि मैदानात दोघांना समोरासमोर उभं करून टक्कर लावायची जी जुनी कवायत होती तिच्यावर बंदी आली. रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक एकास एक खेळतात, मग सातास सात, मग अकरास अकरा.

आणि क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. त्या रंगाचा अर्थ, याला हात लावायचा नाही.

सरावातल्या कामगिरीचं सगळं गणित माझ्या मते या जर्सीपाशी बिघडतं. क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. बॉल आधी त्याच्या हातात येतो, आणि कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. मॅचमध्ये त्याच दोन-तीन सेकंदांत सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येतात. सरावात ती येतात, आणि हातभर अंतरावर थांबतात. धक्का बसणार नाही हे माहीत असलेल्या माणसाचा हात वेगळा चालतो. शिवाय समोर रोजचेच गडी. तोही त्यांना ओळखतो, तेही त्याच्या डोळ्यांवरून बॉल कुठे जाणार ते सांगू शकतात. तालमीत जोडीदाराबरोबर झालेल्या खडाखडीवरून खासबागेत कोण चितपट होईल हे वस्तादही छातीवर हात ठेवून सांगत नाही. इथले चाहते सांगतात.

२०२४ चा उन्हाळा मला म्हणूनच विसरता येत नाही. त्या जानेवारीत मिशिगन राष्ट्रीय विजेतं झालं होतं. वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवलं. पाठोपाठ कोच जिम हार्बॉ व्यावसायिक लीगमध्ये गेले, क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थीही गेला. जागा रिकामी. आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी नाव एकच, ॲलेक्स ओर्जी. अंगाने दांडगा, बॉल घेऊन पळण्यात पटाईत. विजेतेपदाच्या वर्षी त्याला मधूनच दोन-चार डावांसाठी उतरवत आणि तो पळत सुटला की स्टेडियम उभं राही. फेकण्याचं काय? ‘कॅम्पमध्ये फेकणंही सुधारलंय’ अशी बातमी होती. अर्थात.

त्याच मैदानावर डेव्हिस वॉरन नावाचा दुसरा एक होता. शिष्यवृत्तीशिवाय, आपण होऊन संघात येऊन थांबलेला. अशांना इथे वॉक-ऑन म्हणतात. लॉस अँजेलिसकडचं पोरगं. २०१९ मध्ये शाळेत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. त्यातून उठला तर कोव्हिडने शाळेचा शेवटचा मोसम खाल्ला. म्हणजे ज्या वयात बाकीचे क्वार्टरबॅक शुक्रवारी रात्री मॅच खेळून नाव कमावतात, त्या वयातल्या याच्या मॅचेस जवळजवळ नाहीतच. याच्याकडे होता तो फक्त सराव. वर्षानुवर्षं दुसऱ्या-तिसऱ्या फळीत केलेला सराव.

आणि ऑगस्टमध्ये तो जिंकला. नवे कोच शेरॉन मूर यांनी शेवटपर्यंत नाव फोडलं नाही. ३१ ऑगस्टला फ्रेस्नो स्टेटविरुद्ध पहिल्या डावाला वॉरन मैदानात गेला तेव्हा शेजारच्या काकांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आमच्यामागचा माणूस मोठ्याने म्हणाला, ‘हा कोण?’

मॅच ३०-१० ने जिंकली, पण पुढे फाटत गेलं. टेक्सासने आमच्याच मैदानावर ३१-१२ ने धुतलं. अर्कान्सा स्टेटविरुद्ध जिंकलो, पण वॉरनने तीन बॉल विरोधकांच्या हातात दिले. तीन मॅचमध्ये मिळून सहा. स्टेडियममधल्या लोकांनी मग जे ऐकवलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. ‘सरावात जिंकला म्हणे! कुणाविरुद्ध जिंकला?’ असं एक जण म्हणाला आणि मला मामा आठवले. पुढच्या शनिवारी वॉरनला बसवून ओर्जीला आणलं. ज्याच्यासाठी उन्हाळाभर जीव टाकला, तो आला. यूएससीविरुद्ध मिशिगन २७-२४ ने जिंकलं, पण ओर्जीने फेकून मिळवलेले यार्ड होते ३२. शंभर यार्डांच्या मैदानावर, अख्ख्या मॅचमध्ये. विजयाचं काम पळणाऱ्यांनी केलं. पंधरवडा जातो न जातो तोच लोकांना ओर्जीही नकोसा झाला. मग जॅक टटल म्हणून तिसरा आला. मग फिरून वॉरन.

तीस नोव्हेंबरला कोलंबसला ओहायो स्टेटच्या घरी मिशिगन १३-१० ने जिंकलं. ओहायो स्टेटशी असलेलं वैर समजायला मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ माहीत असलेली बरी. इथल्या एकाही जाणत्याने मिशिगनला त्या दिवशी संधी दिली नव्हती. वॉरनचं फेकणं त्या मॅचमध्येही काही डोळे दिपवणारं नव्हतं. त्याने दोन बॉल पुन्हा घालवले. पण क्वार्टरबॅक तोच होता, आणि वर्षअखेरीस अलाबामाला १९-१३ ने हरवताना सुरुवात करणाराही तोच. त्या मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला.

मग ऑगस्टमधल्या सरावाने खरं सांगितलं होतं की खोटं? मला विचाराल तर दोन्ही. कोचने महिनाभर बघून जे ठरवलं ते सहा चुकांनंतरही अगदीच फोल नव्हतं, आणि चाहत्यांनी न बघता जे ठरवलं ते यूएससीच्या मॅचपुढे टिकलं नाही. पण हा निवाडासुद्धा मी डिसेंबरात बसून देतोय. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मीही त्या स्टेडियममधल्या मंडळींसारखाच तोंड कडू करून बसलो होतो.

सरावात सगळंच काही तर्कवितर्काचं नसतं. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेर हा एकोणीस वर्षांचा लाइनमन सरावात लागोपाठ वेगाने धावताना उष्माघाताने कोसळला. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे शरीर लगेच गार पाण्यात बुडवणं. ते झालं नाही. दोन आठवड्यांनी, १३ जूनला, तो गेला. नंतर विद्यापीठाने जबाबदारी स्वीकारली आणि कोचला काढलं. मेरीलँड आमच्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात, खेळतं, त्यामुळे त्या शरदात त्यांच्या संघाचं नाव निघालं की थोडा वेळ सगळे गप्प होत. थोडाच वेळ.

कारण जुन्या सरावाच्या कथा इथे फार आवडीने सांगितल्या जातात. १९५४ मध्ये बेअर ब्रायंट या कोचने टेक्सास ए अँड एमच्या पोरांना जंक्शन नावाच्या गावी नेलं. दुष्काळ, रखरखीत ऊन, पाणी प्यायला मनाई. निम्म्याहून अधिक पोरं सोडून पळाली. हे सांगताना सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. त्या मोसमात संघ दहापैकी एकच मॅच जिंकला, हे मात्र तो सहसा सांगत नाही. दोन वर्षांनी त्यांनी कॉन्फरन्स जिंकली, ते आवर्जून सांगतो. आमच्या मिशिगनमध्येही १९६९ ची दंतकथा आहे. बो शेंबेक्लर नवे कोच म्हणून आले, त्यांनी सरावात पोरांना इतकं पिळलं की बरेच सोडून गेले. त्यांनी पाटी लावली: जे टिकतील ते विजेते होतील. खाली कुणी जाणाऱ्याने लिहून ठेवलं म्हणतात, आणि जे जातील ते डॉक्टर, वकील आणि कारखानदार होतील. त्या वर्षी ओहायो स्टेटला २४-१२ ने हरवलं, त्यामुळे पाटी खरी ठरली. मला खालची ओळ जास्त आवडते. आमच्या शेजाऱ्यांना वरची.

पाणी न पिण्यात मर्दुमकी मानण्याचा काळ आपल्याही तालमींनी पाहिलाय, त्यामुळे मी नाक वर करून बोलणार नाही. पण उन्हात पिळून काढलं की पोरगं मॅचला तयार होतं, या समजुतीला उत्तर मिळालंय. डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं. पोरं आपल्याच पोरांवर आदळून डोकी फोडून घेतात, त्यातून मिळतं काय, असा त्यांचा सवाल. पुढे त्यांच्या कॉलेजातल्या इंजिनिअरिंगवाल्यांनी मैदानावर पळणारा, दूरनियंत्रणावर चालणारा एक बाहुला बनवला. पाडायचं तर त्याला पाडा. लोक हसले. डार्टमथने २०१५ मध्ये आयव्ही लीगचं विजेतेपद वाटून घेतलं, आणि पुढच्या वर्षी सगळ्या आयव्ही लीगने मोसमातल्या सरावात पाडापाडी बंद केली.

अलीकडे या सगळ्यात पैसा आला. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूला शिष्यवृत्ती मिळायची, बाकी छदाम नाही. स्टेडियम लाखांनी भरायचं, कोच लाखोंनी घ्यायचे, पोरगं वरणभातावर. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपल्या नावावर पैसे कमवायला मुभा मिळाली, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात कोर्टातल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेटही पैसे देऊ लागली. हे योग्यच झालं असं माझं मत आहे. पण चाहत्याच्या तोंडची भाषा त्याबरोबर बदलली. पूर्वी ‘पोरगं आहे, शिकेल’ म्हणायचे. आता ‘एवढे पैसे घेतो तर फेकून दाखव’ म्हणतात. पैसे याने दिलेले नसतात हा भाग वेगळा.

गेल्या ऑगस्टला, म्हणजे २०२५ ला, हे अगदी आमच्या अंगणात आलं. ब्राइस अंडरवुड हा देशात त्या वर्षीचा पहिल्या क्रमांकाचा शाळकरी खेळाडू. बेलव्हिलचा, कँटनच्या शेजारचंच गाव, तिथल्या दुकानात आम्ही मक्याची कणसं घेतो. लुइझियानाला जायचं ठरलेलं असताना तो नोव्हेंबर २०२४ मध्ये फिरला आणि मिशिगनला आला. त्याच्या करारापोटी एक कोटी डॉलरच्या पुढचे आकडे पेपरात होते. कॅम्प सुरू झाला तेव्हा हा सतरा वर्षांचा होता. अठरावा वाढदिवस त्याने कॅम्पमध्येच घालवला.

त्याच्या प्रत्येक फेकीची बातमी यायची. पंचवीस यार्ड पळत पळत फेकला. साठ यार्ड उभ्या जागेवरून फेकला. काल दोन बॉल घालवले. काल दोन बॉल घालवले कळताच आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर, जिथे एरवी मोदकांच्या ऑर्डरी आणि व्हिसाच्या तारखा चालतात, चिंतेचं वातावरण पसरलं. एकाने लिहिलं, ‘घरचं पोरगं आहे, दडपण येणारच.’ त्यावर दुसरा, ‘कोटी रुपये नाही, कोटी डॉलर. दडपण कसलं?’ आमच्यातल्या कितीजणांची पोरं सतरा वर्षांची आहेत! परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्या खोलीबाहेर टीव्हीचा आवाज कमी करणारी हीच माणसं.

मला त्या दिवसांत दुसऱ्याच कुणाचा विचार यायचा. प्रत्येक संघात एक स्काउट टीम असते. येत्या शनिवारी समोर जो संघ आहे त्याची नक्कल करायची, म्हणजे आपल्या मुख्य खेळाडूंना सराव मिळेल, एवढंच तिचं काम. त्या आठवड्यात एखादं पोरगं ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक ‘होतं’, पुढच्या आठवड्यात टेक्सासचा. जितकं हुबेहूब, तितकं चांगलं. शनिवारी हे पोरगं कपडे घालून कडेला उभं असतं, घामही येत नाही. यांच्या सरावाच्या बातम्या कोणी आणत नाही, यांचं वजन वाढलं का उतरलं कोणी विचारत नाही.

यातला एक मात्र सगळ्यांना माहीत झाला. स्टेट्सन बेनेट २०१७ मध्ये जॉर्जियाला वॉक-ऑन म्हणून आला. ओक्लाहोमाविरुद्धच्या रोझ बोल या मोठ्या मॅचच्या तयारीत त्याने त्यांच्या क्वार्टरबॅकची, बेकर मेफिल्डची, नक्कल केली, तीही अशी की जॉर्जियाचाच बचाव हैराण झाला. तरी जागा मिळेना, म्हणून मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजात वर्षभर खेळून परत आला. २०२१ च्या ऑगस्टमध्येही जॉर्जियाचा पहिला क्वार्टरबॅक दुसराच होता, जे. टी. डॅनियल्स. बेनेटचं नाव निघालं की त्यांचेच चाहते चेष्टा करायचे. डॅनियल्स दुखापतीने बसला आणि बेनेट उतरला. त्याने लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं दिली. दुसऱ्या अंतिम सामन्याचा निकाल ६५-७. इतकी वर्षं त्याच्याविरुद्ध सरावात उतरणाऱ्या बचावपटूंना हे पोरगं काय आहे ते पक्कं माहीत असणार. त्यांना विचारायला मात्र कोणी गेलं नाही.

३० ऑगस्टचा शनिवार गणपतीत आला. आमच्या मंडळाचा कार्यक्रम संध्याकाळी, न्यू मेक्सिकोविरुद्धची पहिली मॅच साडेसातला. समितीच्या बैठकीत यावर जितकी चर्चा झाली तितकी वर्गणीवरही झाली नव्हती. शेवटी आरती सव्वासहाला घेतली, प्रसाद पॅक करून दिला. अंडरवुडने ३१ पैकी २१ बॉल बरोबर पोचवले, २५१ यार्ड, मॅच ३४-१७. ग्रुपवर रात्री बारापर्यंत फुलं, मोदक आणि बाप्पाचे हात. ‘म्हटलं नव्हतं, पोरगं वेगळंच आहे!’

पुढचा शनिवार अनंत चतुर्दशी. दुपारी घरच्या बाप्पाचं परसात टबमध्ये विसर्जन केलं आणि संध्याकाळी शेजाऱ्यांकडे ओक्लाहोमाची मॅच बघायला बसलो. २४ पैकी ९. हरलो २४-१३. तिसऱ्या क्वार्टरमध्येच फोन वाजायला लागले. ‘दुसऱ्याला का उतरवत नाही? कॅम्पमध्ये तोच चांगला होता म्हणे.’

मी शेजारच्या काकांना विचारलं, खरंच का हो, दुसरा चांगला होता?

“असेल,” ते म्हणाले. “नेहमी असतो.”

मी ग्रुपवर विचारलं, दुसरा म्हणजे कोण? नाव काय त्याचं?

बराच वेळ कोणाचं उत्तर आलं नाही. मग एकाने लिहिलं, ‘बघून सांगतो.’